ज्यांची कबर नाही, त्यांच्यासाठी दुआ

रमजानच्या पंधरा दिवस आधी शब-ए-बरात येते. त्या रात्री कोकणातल्या आमच्या कबरस्तानांत दिवे लागतात. कुणी वडिलांच्या कबरीवर फुले ठेवतो, कुणी आईसाठी फातिहा पढतो. माझ्या लहानपणी घरातले पुरुष कबरस्तानाकडे निघाले की शेजारच्या खाला मात्र जेटीकडे जात. त्यांचा धाकटा भाऊ समुद्रात बुडाला होता आणि त्याचा देह मिळाला नव्हता. ‘‘त्याची फातिहा कुठे पढू?’’ असे त्या माझ्या आईला विचारत. आईकडे उत्तर नसे. ती फक्त त्यांच्याबरोबर जाऊन उभी राहत असे.

गेलेल्या माणसाचे दुःख जड असतेच. पण तो गेला की नाही हेच कळत नाही, तेव्हा दुःखाला कूसच बदलता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकापासून अशा अधांतरी दुःखाचा अभ्यास केला. देह दिसत नाही, निरोप देता येत नाही, त्यामुळे मन दाराकडेच लागून राहते. पूर, भूकंप, युद्ध यांसारख्या संकटांत हे एका घरात नव्हे, गावेच्या गावे घडते.

आपल्याला लांब जायला नको. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. काही दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत घोषित करण्यात आले. सरकारी कागद झाला. पण मनाचे काय?

या प्रश्नावर धर्मांनी फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. हिंदू परंपरेत देह मिळाला नाही तर दर्भाची प्रतिकृती करून तिचे दहन करतात. मृत्यूची तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध करता येते. आम्हा कोकणी मुसलमानांचा मसलक शाफई. त्यात ‘गायबाना’ जनाज्याची नमाज आहे, म्हणजे मय्यत समोर नसताना पढायची नमाज. हबशाचा राजा नजाशी दूरदेशी वारला, तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी अशी नमाज पढली होती.

इंडोनेशियातला आचे प्रांतही शाफई मसलकाचाच. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने तिथला किनारा धुऊन नेला. इंडोनेशियात दीड लाखाहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. बांदा आचे शहरातली बैतुर्रहमान मशीद टिकली आणि पहिला आसरा ठरली. मृतदेह इतके होते की प्रत्येकाला गुस्ल, कफन, वेगळी कबर देणे शक्यच नव्हते. एकट्या सिरोनच्या सामूहिक दफनभूमीत चाळीस हजारांहून अधिक देह आहेत. अशा लाचारीत विधी अपुरे राहिले तरी गुनाह नाही, आणि बुडून मरणाऱ्याला शहिदाचा दर्जा मिळतो, ही शिकवण तिथल्या लोकांना ठाऊक होती. देशभर गायबाना नमाज पढल्या गेल्या. आजही दर २६ डिसेंबरला लोक त्या सामूहिक कबरींपाशी येतात. आपले माणूस नेमके कुठे आहे हे माहीत नसते. तरी बसायला एक जागा असते, एक दिवस असतो आणि शेजारी तसेच दुःख घेऊन आलेले दुसरे कुणी असते.

मदतकार्य करणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतर मदतसंघटनांच्या सामाईक समितीने २००७ मध्ये आपत्तीतील मानसिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. लोकांना आपापल्या रीतीने शोक आणि अंत्यविधी करता यावेत म्हणून मदत करावी, असे त्यांत सांगितले आहे. घातक प्रथांपासून सावध राहावे, हेही सांगितले आहे.

हा सावधपणा महत्त्वाचा आहे, कारण धर्माच्या नावाने जखमेवर मीठही चोळले जाते. संकट आले की कुणीतरी म्हणतोच, ‘तुमच्या पापांची ही सजा आहे.’ आचेमध्येही असे बोलणारे होते. १९३४च्या बिहार भूकंपाला खुद्द गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकूर यांनी जाहीर हरकत घेतली होती. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला, त्या दिवशी सूर्यग्रहण होते. लोक म्हणू लागले, त्याच्या मृत्यूमुळेच ग्रहण लागले. पैगंबरांनी ते तिथल्या तिथे खोडून काढले. कुणाच्या मरणाने वा जन्माने ग्रहण लागत नाही, असे बजावले. मुलासाठी मात्र ते रडले. सबर म्हणजे डोळे कोरडे ठेवणे नव्हे, हे त्या दिवशी दिसले.

लेकरू गमावलेल्या आईला ‘असे का घडले’ याचा निवाडा नको असतो. तिला कुणीतरी शेजारी बसलेले हवे असते.

बसणाऱ्यालाही आपली मर्यादा कळायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अंदाजानुसार युद्ध-संघर्ष सोसलेल्या भागांत साधारण पाचांतल्या एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. बाकीच्यांचे दुःख माणसांच्या सोबतीने पुष्कळदा हळूहळू ओसरते. या लोकांना उपचार लागतात. झोप उडाली, जेवण सुटले, मरणाचे विचार येऊ लागले, तर दुआ करावीच आणि डॉक्टरांकडेही न्यावे. इलाज करा, ही पैगंबरांचीच शिकवण आहे. मानसिक आजाराची औषधे सुरू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजे धरू नयेत. विशेषतः लिथियम घेणाऱ्यांच्या अंगातले पाणी कमी झाले तर धोका होतो. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून मोफत बोलता येते. हा क्रमांक मशिदीच्या, मंदिराच्या, बुद्धविहाराच्या, चर्चच्या फलकावर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

खालांचे काय झाले ते सांगायचे राहिले. एका रमजानात जुम्याच्या नमाजनंतर आमच्या इमामसाहेबांनी त्यांच्या भावासाठी गायबाना नमाज पढवली. सारा मोहल्ला सफेत उभा होता. मशिदीबाहेर शेजारचे कोळीबांधवही थांबले होते. भाऊ त्यांच्याच बोटीवर जायचा. त्या संध्याकाळी खालांनी भावाच्या नावाने इफ्तारीला खीर वाटली. जेटीवर त्या पुढेही जात राहिल्या. पण फातिहा कुठे पढू, हे त्यांनी पुन्हा विचारले नाही.