‘घरी न्या, सेवा करा’ असं सांगितल्यावर

नागपुरात मोरभवनला एसटीतून उतरणाऱ्या गर्दीत काही माणसं लगेच ओळखू येतात. बगलेत एक्स-रे, सीटी स्कॅनची मोठी पिशवी, मागून हळूहळू येणारे आई किंवा वडील, आणि बर्डीतून दवाखान्यांसाठी धंतोलीकडे वळायचं की रामदासपेठेकडे, एवढाच प्रश्न. काही महिन्यांनी हीच माणसं परतीच्या गाडीला उभी असतात. पिशवी फुगलेली असते आणि डॉक्टरांचं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नसतं : "आता घरी न्या, सेवा करा."

सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे त्या वाक्यात नसतं. दुखायला लागलं तर कोणती गोळी द्यायची, तोंडातल्या जखमेला वास यायला लागला तर काय लावायचं, मध्यरात्री धाप लागली तर कुणाला उठवायचं? याच प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या वैद्यकशाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक शुश्रूषा. तिचं मुक्कामाचं ठिकाण म्हणजे हॉस्पिस. देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये आपल्याच राज्यात, मुंबईत वांद्र्याला सुरू झालं : डॉ. एल. जे. डिसोझा यांचं शांती आवेदना. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. नागपुरात शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांसाठी स्नेहांचल आहे. शिवाय घरी येऊन ‘होमकेअर’ देतो म्हणणाऱ्यांच्या पाट्या आता गल्लोगल्ली दिसतात.

यातलं चांगलं कोणतं, हे ओळखायचं कसं? बर्डीत एक साडी घ्यायची तर आपण चार दुकानं पालथी घालतो. इथे मात्र ज्याला खरं ठाऊक झालं तो सांगायला उरत नाही, आणि घरची माणसं तेरावं झाल्यावर तो विषय काढत नाहीत. म्हणून सगळा कारभार ऐकीव माहितीवर चालतो, आणि ती माहिती बरेचदा उलटी असते.

"तिथे नेलं म्हणजे संपलंच."

सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्यांच्या जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाला मन:स्थितीचा त्रास कमी झाला, अखेरच्या दिवसांतले जोरकस उपचारही कमी घ्यावे लागले. तरी ते सरासरी ११.६ महिने जगले, पहिल्या गटातले ८.९ महिने. म्हणजे हे दार शेवटच्या आठवड्यात ठोठावण्यासाठी नाही. केमो चालू असतानाही ठोठावता येतं.

अमेरिकेतला मुलगा इंटरनेटवर वाचून फोनवर सांगतो, "सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरलं असेल तरच हॉस्पिस." तो खोटं सांगत नाही. तो नियम तिथल्या मेडिकेअर विम्याचा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, प्रत्येक संस्थेचे प्रवेशाचे निकष वेगळे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : तुम्ही कुणाला घेता आणि कुणाला नाही? बरीच केंद्रं फक्त कर्करुग्ण घेतात. शेवटच्या टप्प्यातला किडनीचा किंवा हृदयाचा आजार, अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश यांनाही या शुश्रूषेची तेवढीच गरज असते. विदर्भात सिकलसेलच्या कळा सोसणारी पोरंही याच हिशेबात येतात. ‘आम्ही घेत नाही’ असं स्पष्ट सांगून दुसरा पत्ता देणारी संस्था, सगळ्यांना ‘या, या’ म्हणणाऱ्या संस्थेपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

"मॉर्फिन सुरू केलं म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली."

इथे जरा थांबायला हवं, कारण संस्थेची खरी परीक्षा याच गोळीपाशी होते.

मॉर्फिन अफूपासून बनतं. कायदेशीर अफूची शेती आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमच पट्ट्यात होते. नीमचला सरकारचा अफूचा कारखानाही आहे. माल शेजारी पिकतो, आणि दुखण्याने तळमळणाऱ्या नागपूरच्या माणसाला तो मिळत नाही. याचं कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. नशेखोरी रोखण्यासाठी केलेल्या त्या कायद्याने इस्पितळांना इतक्या परवान्यांच्या जंजाळात टाकलं, की मॉर्फिन ठेवणंच बहुतेकांनी बंद केलं. डॉक्टरांची एक अख्खी पिढी ही गोळी हातात न घेता शिकून बाहेर पडली. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या संस्थेला ती एकाच मान्यतेवर ठेवता येऊ लागली. गोळी फार महाग नाही. पण बर्डीतल्या कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये चिठ्ठी दाखवून ती मिळेल, असं समजू नका. ती मान्यताप्राप्त संस्थेतूनच घ्यावी लागते.

योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलं तर मॉर्फिनने श्वास थांबत नाही. दुखण्यासाठी घेणाऱ्याला नशेचं व्यसन लागणं विरळा. पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळतं, मग शरीर जुळवून घेतं. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, ती गोळी चालू असेपर्यंत राहते. म्हणून जाणता डॉक्टर मॉर्फिनच्या चिठ्ठीवर त्याच दिवशी रेचकही लिहितो. परीक्षा घ्यायचीच असेल तर ही घ्या : मॉर्फिन आहे का, मान्यता आहे का, साठ्याची नोंदवही आहे का, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध देता का? चौथ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर त्या ठिकाणी मॉर्फिन कपाटात असेल, पण वापरायची सवय नसेल.

रुग्णाचा कागदही मागून पाहा. ताप आणि बीपीच्या रकान्यांशेजारी दुखण्याचा आकडा आहे का? दहापैकी किती दुखतं, असं रोज विचारून लिहिलेलं असतं का? कालचा आठ आज तीनवर आला का? दुखणं मोजलंच जात नसेल तर ते कमी केलं जातं यावर विश्वास कसा ठेवायचा?

"इमारत झकास आहे, आयसीयूची सोय आहे."

रिसेप्शनवरचा संगमरवर रुग्णाच्या उपयोगाचा नाही. आयसीयू तर इथे असण्याचं कारणच नाही. लोक ऑक्सिजनचे सिलिंडर मोजतात. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, धाप लागते पण रक्तातला ऑक्सिजन पुरेसा आहे अशा रुग्णांना नळीतून ऑक्सिजन दिला काय नि साधी हवा दिली काय, आराम सारखाच पडला. अशा वेळी चेहऱ्यावर सोडलेला छोटा पंखा, उघडी खिडकी, टेकून बसवणं आणि मॉर्फिनची लहान मात्रा जास्त कामाला येते.

सलाइनचंही तसंच. "काहीच खात नाही, निदान सलाइन तरी लावा," हा आपल्याकडचा ठरलेला आग्रह, आणि त्यामागची माया खोटी नसते. पण शेवटच्या दिवसांत भूक-तहान आजारामुळेच मंदावते. अंगात ढकललेलं पाणी कधी पायांत उतरतं, कधी छातीत. हॉस्पिसमधल्या कर्करुग्णांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात रोज लिटरभर सलाइन घेतलेल्यांना नाममात्र सलाइन घेतलेल्यांपेक्षा जास्त आराम मिळाला नाही. कोरडं पडतं ते तोंड. ओल्या कापसाने ओठ-जीभ पुसणं, चमचाभर पाणी, जमत असेल तर बर्फाचा खडा. सलाइन का लावलं नाही हे तुमच्याशेजारी बसून समजावणारी सिस्टर म्हणजे दर्जा. मागितलं म्हणून निमूट बाटली टांगणारी ‘सोय’ म्हणजे दर्जा नव्हे.

मी स्वतः अशा जागी शिरताना आधी नाकावर विश्वास ठेवतो. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याने आपल्या भागात तोंडाच्या कर्करोगाचं काय केलं आहे, ते नागपूरकरांना सांगायला नको. गालाला भोक पडलेल्या जखमेला जो वास येतो, त्यापायी घरातली माणसं ताटही लांबून सरकवतात. रोगी दुखण्यापेक्षा त्या लाजेने जास्त खचतो. या वासावर उपाय आहे आणि तो साधा आहे : जखम नीट धुऊन मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड टाकायची, रोज. किडे पडले तर ते काढण्याचीही पद्धत ठरलेली आहे. तेव्हा वॉर्डात जखमेचा वास नसेल आणि तो झाकणारा फिनाइलचा भपकाही नसेल, तर कुणीतरी रोज मन लावून ड्रेसिंग करतंय असं समजा. दुसरी खूण पाठीवर. अंथरुणाला खिळलेल्यांना शय्याव्रण किती जणांना आहेत आणि कूस किती तासांनी बदलता, हे विचारा.

"फुकट आहे म्हणजे सरकारी थाटाचं असणार."

शांती आवेदना मोफत चालतं, पुण्याचं सिप्लाचं केंद्रही मोफत. या क्षेत्रात दराचा आणि दर्जाचा संबंध जवळजवळ नाही. उलट पैसे घेणाऱ्या ठिकाणी आधी लेखी विचारा : अनामत किती, ॲम्ब्युलन्स कुणाची, औषधं बाहेरून आणायची का, मृत्यूनंतर बिल कसं होतं? मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जायला लाजू नका. त्या मंदिरांच्या ठरलेल्या बारा सेवांत वृद्धांची आणि उपशामक काळजीही कागदावर आहे. कागदावरची सेवा मागितल्याशिवाय प्रत्यक्षात येत नाही.

ब्युरोतून चोवीस तासांची बाई ठेवली म्हणजे होमकेअर झालं, हाही एक गोड गैरसमज. ती माऊली आंघोळ घालेल, भरवेल. रात्री दोनला कळ आली तर मॉर्फिनची वाढीव मात्रा देण्याचा निर्णय ती घेऊ शकत नाही, आणि तिने घेऊही नये. रात्री फोनवर प्रशिक्षित माणूस भेटतो का, आणि त्याच्याकडे तुमच्या रुग्णाचा कागद असतो का, यावर घरची शुश्रूषा उभी राहते किंवा कोसळते. भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटनेशी संबंधित तज्ज्ञांनी संस्थांसाठी किमान निकष तयार केले आहेत. त्यांत डॉक्टर-नर्सचं प्रशिक्षण, दुखण्याची लेखी नोंद आणि मॉर्फिनचा पुरवठा यांबरोबर एक वेगळीच गोष्ट आहे : काम करणाऱ्यांना आधार द्यायची व्यवस्था. रोज मरण पाहणारी सिस्टर स्वतः कुठे मोकळी होते, हे विचारलं तर संस्थेचे लोक क्षणभर चमकतात. उत्तर असलं तर चेहरा खुलतो.

"त्यांना काही सांगू नका हां, डॉक्टर."

बाहेरच्या खोलीत मुलाची ही विनंती, आत वडिलांची "पोरांना कळू देऊ नका." दोघांनाही सगळं ठाऊक. चांगला चमू रुग्णाच्या तोंडावर बातमी फेकत नाही आणि खोटंही बोलत नाही. तो आधी विचारतो, "काका, आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतो. जिथे फक्त नातेवाइकांशी बोलतात आणि रुग्णाच्या डोक्यावरून फाइल फिरते, ती जागा मी टाळीन.

हॉस्पिस म्हणजे इच्छामरण, अशीही एक गल्लत होते. हॉस्पिसमध्ये मरण घडवून आणत नाहीत. व्हेंटिलेटरसारखे निरर्थक उपचार नकोत, असं आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. असा कागद केला असेल तर संस्थेला पहिल्याच दिवशी दाखवा, आणि त्यावर त्यांचा चेहरा कसा होतो तेही बघा.

शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण विचाराच. रुग्णाचा मृत्यू घरीच झाला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना ४-अ, तुमचे डॉक्टर देतील का? उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते द्यायचं असतं. आधी ठरलेलं नसलं तर अंगणात माणसं जमलेली असताना घरातलं कुणीतरी एका सहीसाठी दवाखान्यांच्या पायऱ्या चढत असतं.