जर्मनीतला अख्खा मसूर

महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून चर्चा आहे ती पगार, व्हिसा आणि भाषेच्या परीक्षेची. संध्याकाळी पानात काय पडणार, याबद्दल कुणी बोलत नाही. परक्या मुलखात माणूस सगळ्यांत एकटा पडतो तो जेवायला बसल्यावर.

तिथे संध्याकाळच्या जेवणाला ‘आबेंडब्रोट’ म्हणतात, म्हणजे संध्याकाळचा पाव. लाकडी पाटीवर पावाचे काप, लोणी, चीज, आंबवलेली काकडी. गॅस पेटत नाही; गरम जेवण परंपरेने दुपारचं. राईचा पाव काळपट, जड आणि आंबूस असतो. तो शिळा नसतो. न आंबवलेल्या राईच्या पिठातली विकरं स्टार्च तोडतात आणि पाव आतून चिकट राहतो. पीठ आंबवलं की आम्लामुळे त्यांचा जोर ओसरतो. आंबोळीचं पीठ रात्रभर झाकून ठेवणाऱ्या घरातल्या मुलांना हे सांगितलं, तर तो वास परका वाटणार नाही.

खरी ओळख मात्र मसुराची. याच राज्यातल्या श्वेबिश आल्ब डोंगराळ भागात मसूर पिकतो. त्याची रोपं नाजूक, म्हणून आधाराला ओट किंवा बार्ली सोबत पेरतात. मिश्र पीक आपल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. मधल्या काळात तिथली मूळ वाणं नाहीशी झाली होती. २००६ मध्ये ती सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात सापडली आणि पुन्हा शेतात आली. हा मसूर शिजवून, परतलेलं पीठ लावून, वर सिरका घालून ‘श्पेट्झलं’ या मऊ शेवयांबरोबर वाढतात. आमटीत आमसूल घालणाऱ्यांना, कराड-कोल्हापूरकडच्या ढाब्यांवर अख्खा मसूर खाणाऱ्यांना ही चव लांबची नाही. शाकाहाऱ्यांनी एवढं विचारावं, ‘श्पेक आहे का?’ या मसुरात अनेकदा खारवलेलं डुकराचं मांस असतं.

म्हणून भाषेच्या वर्गात आठवड्याचा एक तास स्वयंपाकघराला द्यायलाच हवा. रविवारी दुकानं बंद, तेव्हा सामान शनिवारीच भरायचं. तूप आणि पेढे सामानातून नेता येत नाहीत, हे निघण्याआधीच कळायला हवं. आणि आणखी एक वाक्य घोटून घ्यावं: ‘तुमच्या घरी मसुरात सिरका किती घालतात?’ हा प्रश्न दुपारच्या जेवणात शेजारच्या सहकाऱ्याला विचारता आला, की पोरगं तिथे एकटं जेवणार नाही.