लाल ओळ कुठून येते?

सांगली-मिरज रस्त्यावर, विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचा ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ लिनक्सच्या कार्यशाळा घेतो. लिनक्सकडे नव्याने वळलेल्या कुणालाही काळ्या पडद्यावर टाइप करायच्या कमांडइतकीच धास्ती वाटते ती लॉगची. कोण लॉगिन झालं, कोणती सेवा बंद पडली, डिस्क कुठे अडखळली, हे सारं संगणक तारीख-वेळेसह लॉगमध्ये लिहीत जातो. हजारो ओळी, सगळ्या एकाच रंगात.

एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीत लिहिलेल्या ‘सिसलॉग’मुळे या नोंदींना शिस्त आली. त्यात गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत. ० म्हणजे यंत्रणा निकामी, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, तर ७ म्हणजे प्रोग्रॅमरला तपासणीसाठी लागणारा बारीक तपशील. पण हजार ओळींतली चुकीची एक शोधायची तर वाचत बसावं लागतं. तीच ओळ लाल असली की न शोधता दिसते. ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८०मध्ये याची उपपत्ती मांडली. रंगासारखा साधा गुण मेंदू सगळ्या दृश्यावर एकदमच टिपतो. अनेक गुणांची जुळणी करायची असेल तर मात्र लक्ष एकेका जागी न्यावं लागतं.

‘सीसीझेडई’ आणि ‘एलनॅव्ह’ ही लॉग रंगवून दाखवणारी साधनं याचाच फायदा घेतात. एलनॅव्हची भाषा मिरज जंक्शनच्या सिग्नलसारखी आहे: चूक लाल, इशारा पिवळा. मात्र लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक असतात आणि त्यांत पुरुष बरेच जास्त. त्यामुळे रंगासोबत ‘एरर’ हा शब्दही दिसायला हवाच.

गंमत म्हणजे, लॉगच्या फाइलमध्ये रंग नसतोच. साधन ती फाइल वाचतं आणि पडद्याकडे पाठवताना मजकुरात छोटे संकेत घालतं. २७ क्रमांकाचं अदृश्य अक्षर, चौकोनी कंस, मग आकडा: ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ० म्हणजे पुन्हा मूळ रंग. टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, हे संकेत छापत नाही, पाळतं. हेच संकेत फाइलमध्ये साठवले तर मजकुरात कचरा दिसतो आणि शब्दशोधही चुकतो. म्हणून अनेक प्रोग्रॅम आधी पाहतात, समोर पडदा आहे की फाइल. फाइल असेल तर रंग गाळतात.

आता अशी साधनं मशीनवर आणायची कशी? उबुंटू आणि सी-डॅकची ‘बॉस’ या दोन्ही प्रणाली डेबियनवर उभ्या आहेत. तिथे हे काम ‘ॲप्ट’ करतं. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचं नाव, एवढी कमांड पुरते. ॲप्ट पॅकेजच्या भांडाराची यादी पाहतं, त्या यादीवरची डिजिटल सही तपासतं, सोबत लागणाऱ्या लायब्ररी शोधतं आणि उतरवलेलं पॅकेज यादीतल्या ठशाशी ताडून पाहतं. मग ‘डीपीकेजी’ फाइली जागच्या जागी ठेवतं आणि कोणती फाइल कुठे ठेवली, याची यादी स्वतःजवळ जपतं.

काढताना हीच यादी कामी येते. ‘रिमूव्ह’ प्रोग्रॅमच्या फाइली काढतं, पण सेटिंगची फाइल मुद्दाम मागे ठेवतं. पुन्हा इन्स्टॉल केल्यावर आपण केलेले बदल तसेच मिळावेत म्हणून. तीही नको असेल तर ‘पर्ज’. सोबत आलेल्या आणि आता कुणालाच नको असलेल्या लायब्ररी ‘ऑटोरिमूव्ह’ने जातात. आपल्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंगना मात्र यांपैकी कुणीही हात लावत नाही. त्या आपणच काढायच्या. प्रोग्रॅमची फाइल हाताने डिलीट करणं मात्र चूक. फाइल जाते, पण डीपीकेजीच्या यादीत पॅकेज नांदतच राहतं.

ही साधनं लॉग फक्त वाचतात. दोन-तीन बसवून पाहा, डोळ्यांना मानवेल ते ठेवा, बाकीची काढा. मूळ नोंदींचं एक अक्षरही बदलणार नाही. फक्त ‘ऑटोरिमूव्ह’ला ‘हो’ म्हणण्याआधी त्याने दाखवलेली यादी वाचा.