एक खुंट, अनेक वाण : मोटार कंपन्यांचे सामाईक इंजिन

शेतकरी मेळाव्यात पिकांवरचे प्रश्न संपले की गाड्यांचा विषय निघतो. "सर, स्विफ्ट डिझेलला फियाटचे इंजिन आहे म्हणतात, टाटाच्या व्हिस्टालाही तेच. मग जुनी गाडी घेताना कोणती घ्यावी?" असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. विषय कृषिविद्येचा नसला तरी पैसा शेतीतलाच जातो, म्हणून ही माहिती देत आहे.

द्राक्ष बागायतदारांना ही गोष्ट लवकर समजेल. डॉगरिज खुंटावर कोणी थॉमसन भरतो, कोणी सोनाका, कोणी तास-ए-गणेश. मूळ एकच, वरचा वाण वेगळा. मोटारीत इंजिन व प्लॅटफॉर्म, म्हणजे तळाचा सांगाडा व सस्पेन्शन, हा खुंट समजावा. वरची बॉडी, सीट, दिवे आणि कंपनीचे चिन्ह हे कलम.

फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन हे याचे ठळक उदाहरण होय. जनरल मोटर्सच्या भागीदारीत तयार झालेले हे इंजिन युरोपात २००३ मध्ये आले. भारतात ते परवान्याखाली हरियाणातील मानेसर येथे बनू लागले व २००७ मध्ये मारुतीच्या स्विफ्टमध्ये बसले. फियाट व टाटा यांचा भागीदारीतील कारखाना आपल्या पुणे जिल्ह्यात, रांजणगावला. तेच इंजिन २००८ मध्ये टाटांच्या इंडिका व्हिस्टात आणि २००९ मध्ये फियाटच्या लिनिया व पुंटोत आले. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटले, टाटांनी क्वाड्राजेट. गिऱ्हाईक मात्र दोघे एकमेकांचे ओढतच राहिले!

कंपन्या असे का करतात? नवे इंजिन घडविण्यास प्रचंड भांडवल व कित्येक वर्षे लागतात. मळणी यंत्र एका घराला परवडत नाही, गावभर फिरले तर परवडते. तसाच हा हिशेब आहे. सध्या टोयोटा व सुझुकी याच वाटेने चालल्या आहेत. २०१९ मध्ये मारुतीची बलेनो टोयोटाच्या नावाने ग्लान्झा म्हणून आली, तर २०२३ मध्ये टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीने इन्व्हिक्टो म्हणून विकावयास घेतली.

यात धोकाही आहे. खुंटच निरुपयोगी ठरला तर त्यावरचे सर्व वाण अडचणीत येतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. या इंजिनात त्यासाठी सुधारणा करणे परवडणारे नव्हते. मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या आणि इंजिनही संपले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंजिन एक असले तरी गाडी एक नसते. हेच इंजिन कुठे ७५ अश्वशक्तीचे, तर कुठे ९० चे होते. गाडीचे वजन व गिअरची जुळणी वेगळी, त्यामुळे अॅव्हरेजही वेगळे. म्हणून इंजिनाच्या नावावरून निवड करू नये. गाडी किती चालली, ऑइल वेळेवर बदलले का आणि तालुक्यात कोणाचे गॅरेज जवळ आहे, हे आधी पाहावे.

सुट्या भागांबाबत विशेष काळजी घ्यावी. पिस्टन, रिंगा यांसारखे आतील भाग बरेचसे सारखे असतात. परंतु माउंटिंग, पाइप, वायरिंग व नियंत्रण करणारा संगणक गाडीगणिक बदलतो. "इंजिन तेच आहे" असे सांगून एका दुकानदाराने माझ्या जुन्या गाडीसाठी दुसऱ्या कंपनीच्या गाडीचे माउंटिंग गळ्यात मारले. भोके जुळली नाहीत, गाडी तीन दिवस गॅरेजात पडून राहिली आणि दुकानदार भाग परत घेईना. तेव्हा दुकानात जाताना जुन्या भागावरील पार्ट नंबर लिहून न्यावा, गाडीचे वर्ष व चासी क्रमांक सांगावा आणि पक्के बिल घ्यावे.