ज्याला सगळे ओळखतात त्याची जाहिरात

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या हजार-बाराशे वस्तीच्या एखाद्या गावाचं १९५० च्या सुमाराचं साप्ताहिक उघडून बघावं. पत्र बहुधा गुरुवारी निघे, कारण शनिवारी आसपासची शेतकरी कुटुंबं बाजाराला येत आणि त्या रात्री दुकानं उशिरापर्यंत उघडी राहत. पहिल्या पानावर शाळेचा बास्केटबॉलचा सामना, कुणाच्या घरी आलेले पाहुणे, पावसाची नोंद. आत गेलं की जाहिराती. किराणावाल्याची पानभर चौकट, तिच्यात कॉफीचे, लोण्याचे, बटाट्यांचे भाव. लाकडाची वखार. ट्रॅक्टरचा एजंट. बँक. केशकर्तनालय. फर्निचरचं दुकान, आणि त्याच दुकानाच्या नावाखाली बारीक अक्षरात अंत्यविधीच्या व्यवस्थेची सोय. टेबल-खुर्च्या बनवणारा सुतारच पूर्वी शवपेट्याही बनवी, त्यातून हा जोडधंदा आलेला.

किराणावाल्याचं एक वेळ कळतं. भाव दर आठवड्याला बदलतात. पण वखारवाल्याने जाहिरात का द्यावी? गावात वखार एकच. तिचा मालक कोण, त्याचा बाप कोण, तो कुठल्या चर्चमध्ये जातो, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. तरी वर्षाचे बावन्न आठवडे त्याची चौकट ठरलेल्या जागी दिसते. माल खपवण्याच्या हिशेबाने या जाहिराती वाचल्या तर त्या निम्म्याच कळतात. उरलेला अर्थ आपल्याकडच्या दोन शब्दांत सापडतो: भीड आणि आहेर.

त्या पत्राचा मालक हाच संपादक, हाच बातमीदार, आणि छापखानाही त्याचाच. आठवड्याच्या सुरुवातीला तो मुख्य रस्त्याच्या एका टोकापासून निघे आणि दुकानागणिक थांबे. आधी हवापाणी, मग मक्याचा भाव, मग या आठवड्यात काय टाकायचं हा प्रश्न. दुकानदार नाही म्हणू शकत होता, पण भिडेपोटी म्हणायला जड जाई. संपादकाची बायको त्याच्याकडूनच कापड घेते. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका संपादकाच्याच छापखान्यात छापायच्या आहेत. शेतीच्या अवजारांचा लिलाव निघाला तर त्याची पत्रकंही तिथेच छापली जाणार. कॉलमच्या इंचाला किती पैसे, हा हिशेब होताच, पण तो या बाकीच्या, आहेरासारख्या देण्याघेण्याच्या पोटात बसलेला होता. शाळेच्या संघाबद्दल, पुलाच्या दुरुस्तीबद्दल, गावच्या जत्रेबद्दल लिहिणारं पत्र जगलं पाहिजे, आणि ते जगवायचं तर चौकट चालू ठेवली पाहिजे, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

छापायची रीतही समजून घेण्यासारखी आहे. मजकूर लायनोटाइप यंत्रावर शिशाच्या ओळींत ओतला जाई, पण चित्रं कोण काढणार? गावात चित्रकार नव्हता. मोठ्या शहरांतल्या कंपन्या वर्गणीदार छापखान्यांना दर महिन्याला चित्रांचं जाडजूड पुस्तक पाठवत आणि त्यासोबत लगद्याच्या पुठ्ठ्यावर उठवलेले साचे. साच्यात वितळलेलं शिसं ओतलं की चित्राचा ठसा तयार. म्हणून नोव्हेंबरातला सण आला की एकच टर्की पक्षी एकाच ऐटीत शेकडो गावांच्या पत्रांत उभा राहायचा. नाव तेवढं आपल्या किराणावाल्याचं. रेफ्रिजरेटरच्या, रंगाच्या, बुटांच्या कंपन्याही आपले साचे पाठवत आणि जाहिरातीच्या खर्चाचा काही वाटा उचलत. हा वाटा फक्त बड्या दुकानांच्याच पदरात पडू नये, म्हणून १९३६ च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने कंपन्यांना बंधन घातलं: अशी मदत द्यायची तर स्पर्धेतल्या सगळ्या दुकानदारांना प्रमाणशीर द्या. छोट्या दुकानदाराला जाहिरातीच्या मदतीतही न्याय मिळावा, असा विचार एका देशाच्या संसदेने केला, याचं मला फार मोल वाटतं.

डॉक्टर आणि वकील मात्र या पानांवर फारसे बोलत नसत. त्यांच्या व्यवसायाच्या नीतिनियमांत जाहिरात बसत नव्हती. नाव, पत्ता, वेळ एवढं छोटं कार्ड छापलं की संपलं. वकिलांवरची ही बंदी १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने उठली.

पत्राचं आयुष्य आठवड्याचं, तर कॅलेंडरचं वर्षाचं. त्याचं एक मूळही एका छोट्या पत्राच्या कचेरीतच सापडतं. आयोवा राज्यातल्या रेड ओक या गावी एडमंड ऑसबोर्न आणि थॉमस मर्फी हे दोघे तरुण पत्र चालवत होते. गावात नवं न्यायालय उभं राहत होतं आणि त्याचं चित्र छापायची त्यांना हौस, पण ठसा करून घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी १८८९ साली ते चित्र एका पुठ्ठ्यावर छापलं, खाली तारखांचा गठ्ठा लावला आणि भोवती गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती घेतल्या. चित्राचा खर्च तर निघालाच, पण पुढे त्यातून कॅलेंडरांचा मोठा धंदा उभा राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिनेसोटातली ब्राउन अँड बिगेलो ही कंपनी देशभरच्या बँकांना, पेट्रोल पंपांना, धान्याच्या कोठारांना कॅलेंडरं पुरवत होती. चित्र सगळीकडे तेच, चित्रकार नॉर्मन रॉकवेलचा बालवीर किंवा पत्ते खेळणारी कुत्री, आणि खाली मोकळी सोडलेली पट्टी. त्या पट्टीत आपल्या गावच्या बँकेचं नाव.

हे कॅलेंडर स्वयंपाकघरात लागायचं. गाय कधी फळली, अंडी किती विकली, दात काढायला कधी जायचं, हे सगळं पेन्सिलीने त्याच्या चौकोनांत लिहिलं जाई. आपल्या घरांतही दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख कॅलेंडरवरच चढते, त्यामुळे हे निराळं समजावून सांगायला नको. घरातल्या बाईच्या अक्षरांवर दुकानाचं नाव वर्षभर असं टांगलेलं असे.

या सगळ्या वस्तूंत मला सर्वांत जवळची वाटते ती अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चर्चमधली पंखी. जाड पुठ्ठ्याचा वीतभर तुकडा, कडा गोल केलेल्या, खाली चपटी लाकडी काडी आणि ती तारेच्या पिनांनी ठोकलेली. वातानुकूलन येण्याआधीच्या उन्हाळ्यात, जॉर्जियात किंवा अलाबामात, दोन-दोन तास चालणाऱ्या प्रार्थनेत प्रत्येक बाकावर अशा पंख्या ठेवलेल्या असत. एका बाजूला रंगीत चित्र: कोकराला कवेत घेतलेला येशू किंवा शेवटचं भोजन. दुसऱ्या बाजूला अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या फ्युनरल होमचं नाव, दूरध्वनीचा तीन-चार आकडी क्रमांक आणि रात्रंदिवस रुग्णवाहिकेची सोय. रुग्णवाहिका यासाठी की गावात आडव्या माणसाला नेता येईल अशी लांब गाडी बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडेच असे. प्रसूतीच्या बाईला आणि अपघातातल्या माणसाला घेऊन जाणारी गाडी तीच, आणि शेवटची गाडीही तीच. पंखी हलली की चित्र आणि नाव आळीपाळीने समोर येत. मरणाचा धंदा करणाऱ्याने आपलं नाव सांगायला गार वाऱ्याची झुळूक निवडावी, यात मला धंद्यापेक्षा माणसांची जाण अधिक दिसते.

कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये या पंखीला आणखी एक अर्थ होता. वंशभेदाच्या कायद्यांखाली गोऱ्यांच्या मालकीची बरीच दुकानं काळ्या गिऱ्हाइकाचे पैसे घेत, पण त्याला टोपी डोक्यावर घालून बघू देत नसत. फ्युनरल होम मात्र समाजाच्या स्वतःच्या मालकीचं असे. त्याचं गिऱ्हाईकही समाजातलंच, म्हणून त्याच्या मालकाला गोऱ्या सावकाराच्या मर्जीची पर्वा कमी. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे ए. जी. गॅस्टन यांनी अंत्यविधीच्या विम्यापासून सुरुवात करून १९५४ साली गॅस्टन मोटेल उभं केलं, आणि १९६३ च्या नागरी हक्कांच्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग यांचा मुक्काम तिथेच होता. किंग यांच्या हत्येनंतर बऱ्याच पंख्यांवर येशूच्या जागी त्यांचा चेहरा आला. मागे फ्युनरल होमचं नाव तसंच.

याच समाजाने छोट्या धंद्यांच्या जाहिरातीचं एक असं पुस्तक घडवलं ज्याला जोड नाही. न्यूयॉर्कमधल्या हार्लेममध्ये राहणारे टपालवाले व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ साली काळ्या प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. ती 'ग्रीन बुक' म्हणून ओळखली गेली आणि तीस वर्षं निघत राहिली. कुठल्या गावात रात्री थांबता येईल, कुठे जेवण मिळेल, कुठलं गॅरेज गाडीला हात लावील, याच्या याद्या. हॉटेलं, खानावळी, केशकर्तनालयं, शिंपी, आणि पुष्कळ ठिकाणी नुसतं एखाद्या बाईचं नाव आणि घराचा पत्ता. तिने आपल्या घरातली एक खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली असे. एस्सोच्या पेट्रोल पंपांवर हे पुस्तक मिळे. अंधार पडल्यावर ज्या गावात काळ्या माणसाने थांबणं जिवावर बेतायचं, तिथून पुढच्या गावातल्या त्या पत्त्यावर दार उघडेल, एवढीच त्या एका ओळीची हमी. मुख्य रस्त्यावरच्या गोड आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. त्या रस्त्यावरच्या पाट्यांत कोणाला या म्हटलं होतं आणि कोणाला नाही, हे ग्रीन यांच्या पुस्तकाशेजारी ठेवूनच वाचायला हवं.

गावाबाहेरच्या अनोळखी माणसासाठी जाहिरात करायची तर रीत बदले. दक्षिण डकोटातल्या वॉल या गावी टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्याने १९३१ साली औषधांचं दुकान घेतलं. गावाची वस्ती ३२६. मंदी, दुष्काळ, वर धुळीची वादळं. पाच वर्षं बघू, असं त्यांनी ठरवलं होतं आणि ती संपत आली होती. १९३६ च्या जुलैतल्या एका रविवारी डोरोथी मुलांना घेऊन दुपारी पडल्या होत्या, पण रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या गाड्यांनी झोप लागेना. ही तापलेली, तहानलेली माणसं पुढे निघून जातात, त्यांना काय हवं असेल? पाणी. बर्फाचं गार पाणी, आणि ते फुकट. टेडनी शाळेतल्या एका पोराला मदतीला घेतलं, फळ्यांवर अक्षरं रंगवली आणि दुकानाकडे नेणारे शब्द रस्त्याच्या कडेने थोडेथोडे करून ठोकले. ते परत येईपर्यंत दुकानात माणसं जमायला लागली होती. पुढच्या उन्हाळ्यात मदतीला आठ मुली ठेवाव्या लागल्या. पाणी तिथे आजही फुकट आहे.

रस्त्याकडेचं दुसरं रूप म्हणजे धान्याची कोठारं. टेनेसी-जॉर्जियाच्या सीमेवरच्या रॉक सिटी या प्रेक्षणीय स्थळासाठी क्लार्क बायर्स यांनी १९ राज्यांत सुमारे ९०० कोठारांची छपरं आणि भिंती रंगवल्या. वेस्ट व्हर्जिनियाच्या एका तंबाखू कंपनीसाठी हार्ली वॉरिक यांनी दुसऱ्या महायुद्धावरून परतल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षं हेच केलं. शेतकऱ्याचा फायदा असा की लाकडाला फुकटात रंग मिळे. गावातल्या भिंतींवर कोका-कोलाचा असाच सौदा चाले. दुकानाची पाटी कंपनी फुकट रंगवून देई, अट एवढीच की दुकानदाराच्या नावाशेजारी कंपनीचं नाव हवं, आणि ते अर्थातच मोठं. गिऱ्हाईक मात्र त्या दुकानाला त्याच्या मालकाच्याच नावाने ओळखे.

खेळाकडे वळलं की आहेराचा अर्थ आणखी उघड होतो. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये कार्ल स्टॉट्झ यांनी लहान मुलांसाठी बेसबॉलची लीग काढली. मुलांना गणवेश हवे होते, म्हणून ते गावातल्या धंदेवाल्यांची दारं ठोठावत फिरले. तीन संघ झाले: लायकमिंग डेअरी, लंडी लंबर आणि जम्बो प्रेट्झेल. एक दूधवाला, एक लाकूडवाला, एक खाऊवाला. ६ जून १९३९ च्या पहिल्या सामन्यात लंडी लंबरने लायकमिंग डेअरीला २३-८ असं हरवलं. आता यातून लाकूड किती खपलं असेल? छातीवर वखारीचं नाव लावून धावणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या पोराचा बाप कठड्याला टेकून ओरडत असेल, आणि वखारीचा मालकही. लिटल लीग पुढे जगभर पसरली. आपल्या गावातल्या दुकानाचं नाव मुलांच्या सदऱ्यावर, ही तिची रीत तशीच राहिली.

मग हे सगळं विरळ होत गेलं. दर दहा सेंटच्या खरेदीमागे एक हिरवं तिकीट, बाराशे तिकिटं चिकटवली की एक वही भरली, ती देऊन दिवा किंवा इस्त्री घ्या: एस अँड एच कंपनीची ही योजना १९५० आणि ६० च्या दशकांत घरोघर पोचली. दुकानदाराला ती तिकिटं विकत घ्यावी लागत, आणि गिऱ्हाइकाची निष्ठा माणसाकडून वहीकडे सरकली. १९५६ साली मिनेसोटातल्या ईडायना इथे साउथडेल हा छताखालचा मॉल उघडला. त्याच वर्षी आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि नवे रस्ते गावांना वळसा घालून गेले. सॅम वॉल्टन यांनी १९४५ साली आर्कान्सॉतल्या न्यूपोर्टच्या मुख्य रस्त्यावरूनच सुरुवात केली होती. दुकानाबाहेर मक्याच्या लाह्यांचं यंत्र, मग १८०० डॉलरचं कर्ज काढून आणलेलं आईस्क्रीमचं यंत्र, आणि भोवती गर्दी. मुख्य रस्त्याची विद्या त्यांना पुरती अवगत होती. २ जुलै १९६२ ला त्यांनी रॉजर्स गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं. जिथे त्याची मोठी दुकानं गेली, तिथल्या पुष्कळ साप्ताहिकांतल्या चौकटी हळूहळू रिकाम्या झाल्या, आणि बऱ्याच ठिकाणी साप्ताहिकंही बंद पडली.

त्या काळातल्या शाळांचे वार्षिकांक अजून ग्रंथालयांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर सापडतात. मुलामुलींचे फोटो संपले की मागची पानं जाहिरातींची. आपल्या दिवाळी अंकांत जशा शुभेच्छा जाहिराती असतात तशाच: शुभेच्छा, आणि खाली दुकानाचं नाव. बेकरी, गॅरेज, बँक, फ्युनरल होम. एखाद्या पानाच्या कोपऱ्यात इतरांएवढीच, पैसे भरून घेतलेली एक चौकट असते. तिच्यात ना नाव, ना पत्ता, ना मालाचा उल्लेख. एका मित्राकडून शुभेच्छा, एवढंच छापलेलं असतं.