हॅम रेडिओची ओळख (भाग ६) : बिनतारी ई-मेल

मागच्या भागात आपण माइकवरून निरोप कसा देतात ते पाहिले. पुरात किंवा भूकंपात पहिले काही तास तेवढ्यावर भागते. पंचाईत होते ती यादी पाठवायची वेळ आली की. छावणीतल्या दोनशे माणसांची नावे, वये आणि औषधे खरखरत्या आवाजात सांगायला बसा. सांगणाऱ्याचा घसा बसतो आणि पलीकडे ‘साळवी’चे ‘साळवे’ होऊन बसतात.

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे चक्रीवादळ पोर्तो रिको बेटावर धडकले. सगळ्या बेटाची वीज गेली, सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले. अमेरिकन रेडक्रॉसने अमेरिकेतल्या हॅमच्या राष्ट्रीय संघटनेकडे ५० ऑपरेटर मागितले. काम होते वाचलेल्यांची नावे नोंदवून त्यांची खुशाली बेटाबाहेर कळवण्याचे. अशा कामासाठी हॅम मंडळी ‘विनलिंक’ ही रेडिओवरून ई-मेल पाठवण्याची सेवा वापरतात. एरवी महिनोन्‌महिने शिडाच्या होडीत राहणारे लोकही याच सेवेवरून घरी पत्रे धाडत असतात.

सामान फार लागत नाही : रेडिओ संच, बारा व्होल्टची बॅटरी, लॅपटॉप आणि रेडिओला लॅपटॉपशी जोडणारा मोडेम. पत्र टाइप करायचे, यादीतून एक गेटवे, म्हणजे रेडिओवरचे पत्र इंटरनेटवर सोडणारे केंद्र, निवडायचा आणि त्याच्या फ्रिक्वेन्सीवर हाक द्यायची. स्पीकरमधून किरकिर ऐकू येते, मग थांबून पलीकडची किरकिर. जोडणी झाली की पत्र आकसून, तुकडे करून जाते. प्रत्येक तुकडा पलीकडे तपासला जातो. बिघडला असेल तर तेवढाच परत मागवला जातो. त्यामुळे वेळ लागला तरी पोचते ते अक्षरशः जसेच्या तसे. माझ्या मते या पद्धतीचा खरा मोठेपणा यातच आहे. दूर तर आवाजही जातो.

गेटवे शेकडो किलोमीटर दूर, वादळाच्या तावडीबाहेर असतो. तिथले इंटरनेट शाबूत असते, म्हणून पुढचा प्रवास साध्या ई-मेलसारखा होतो. वाचणाऱ्याला रेडिओ लागत नाही. गेटवेच मिळत नसेल तर दोन हॅम थेट एकमेकांना पत्र देऊ शकतात.

मात्र वाट अरुंद आहे. जोडपत्राची नेहमीची मर्यादा १२० किलोबाइट. मोबाइलवर काढलेला फोटो तसाच चिकटवला तर जाणार नाही. बाहेरून वाटेल त्याला तुम्हाला पत्र पाठवता येत नाही : ज्याला तुम्ही आधी लिहिले किंवा ज्याचा पत्ता मान्य केला, त्याचेच सहसा आत येते. फुलांच्या चित्रांसह येणारे ‘सुप्रभात’ आपोआप बाहेर राहते, हा वरचा फायदा.

शिवाय हॅमला सांकेतिक लिपीत बोलायची मुभा नाही. लहरींवर गेलेले पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती पडू शकते, हे धरूनच लिहायचे. रुग्णाचे नाव आणि त्याचा आजार एकाच पत्रात घालण्यापूर्वी म्हणूनच थोडे थांबावे.

आता प्रश्न उरतो जवळच्या गावाचा. डोंगरापलीकडे ऐंशी किलोमीटरवरच्या तालुक्याला पत्र द्यायचे, तर समोरची सरळ वाट अडलेली असते. तेव्हा अँटेनाची तार मुद्दाम जमिनीलगत, दोन-तीन पुरुष उंचीवर बांधतात. नळीचे तोंड आभाळाकडे केले की पाणी आपल्याच अंगणात पडते, तशा सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांबर या वातावरणाच्या थरावरून लहरी आसपास परततात. दिवसा त्यासाठी ७ मेगाहर्ट्झ, रात्री बहुधा ३.५. ही तार कशी मोजायची, कशी ताणायची, ते पुढच्या भागात.

(क्रमशः)