सीटखालचं इंजिन

रत्नागिरीत मध्य इंजिनाची गाडी बघायला मोटारींचं प्रदर्शन शोधायची गरज नाही. मारुती ओम्नीचं पुढचं सीट उचललं की खाली 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन दिसतं. पुढच्या आसाच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे. ताकद जाते मागच्या चाकांना. कागदावर हीच मांडणी अनेक फेरारींची. त्यांत इंजिन चालकाच्या पाठीमागे असतं, ओम्नीत बुडाखाली. एप्रिलच्या दुपारी हा फरक चालकाला चांगलाच जाणवतो.

1984 साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने आलेल्या या गाडीत सुझुकीने इंजिन मध्ये आणलं ते वेगासाठी नव्हे, जागेसाठी. नाकच काढून टाकलं, म्हणून 3.37 मीटर लांबीत घरची माणसं आणि आंब्याच्या पेट्या दोन्ही मावल्या. शर्यतीच्या गाड्यांनी तीच जागा निवडली ती वेगळ्या कारणाने. 1958 मध्ये अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने चालकामागे इंजिन असलेली छोटी कूपर पळवत नेऊन शर्यत जिंकली आणि पुढच्याच वर्षी जॅक ब्रॅबहॅम कूपरवरच जगज्जेता ठरला. दोन-तीन वर्षांत फॉर्म्युला वनमधून पुढच्या इंजिनाच्या गाड्या जवळपास हद्दपार झाल्या. रस्त्यावरच्या गाड्यांत ही चाल रुळवली 1966 च्या लॅम्बोर्गिनी मिउराने.

कारण समजायला कावड आठवावी. हंडे दांडीच्या टोकांना असतील तर वळताना खांद्याला ओढ बसते. तेच खांद्याजवळ सरकवले की माणूस चटकन फिरतो. मोटारीतही वजन मध्यापासून जितकं लांब, तितकी ती वळायला आणि वळता वळता थांबायला आळशी. हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणजे शंभर किलोचं इंजिन मध्यापासून दोन मीटरवर असेल, तर अर्ध्या मीटरवरच्या त्याच इंजिनापेक्षा सोळा पट जास्त विरोध.

दुसरा मुद्दा पुढे-मागे वाटणीचा. मध्य इंजिनाच्या स्पोर्ट्स गाडीत साधारण 40 ते 45 टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, बाकीचं मागच्या. पन्नास-पन्नास का नाही? कारण गाडी ब्रेक मारते. जोरात ब्रेक लागला की भार पुढे धावतो. किती, ते ठरतं गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि दोन आसांमधल्या अंतरावर. अंतर 2.43 मीटर आणि गुरुत्वमध्य 45 सेंटिमीटर उंच धरला, तर कडक ब्रेकिंगमध्ये सुमारे 15 टक्के भार पुढे जातो. मूळ वाटणी 42:58 असेल तर ती 57:43 होते आणि चारही टायर मन लावून काम करतात. पुढे इंजिन असलेली 60:40 ची गाडी त्याच ब्रेकला 75:25 वर जाते. मागचे टायर तिथे नुसते सोबतीला.

हे 2.43 मीटरचं अंतर हवेतलं नाही. ते टाटा रेसमोचं आहे. टाटा मोटर्सने मार्च 2017 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही दोन आसनांची गाडी मांडली: चालकामागे 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 190 अश्वशक्ती, आणि शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठण्याचा दावा. उंची जेमतेम 1.2 मीटर. इंजिन टाटांच्याच रेव्होट्रॉन घराण्यातलं, म्हणजे साध्या कुटुंबाच्या गाडीतल्या इंजिनाचा भाऊबंद. त्याआधी मोटार-डिझायनर दिलीप छाब्रिया यांची अवंती ही स्पोर्ट्स गाडी आली होती. तिच्यातही इंजिन मध्येच, पण ते रेनॉचं. अवंती थोड्या संख्येने का होईना, रस्त्यावर उतरली. रेसमो बाजारात आलीच नाही. दोघींत कल्पना म्हणून रेसमो जास्त शहाणी होती: लहान, हलकी, घरच्या इंजिनावर बेतलेली.

मग ओम्नी रेसमोसारखी का वळत नाही? इंजिन मध्ये असून भागत नाही म्हणून. ओम्नीच्या दोन आसांत अंतर फक्त 1.84 मीटर आणि गाडी 1.64 मीटर उंच. गुरुत्वमध्य 60 सेंटिमीटरवर धरला तरी त्याच ब्रेकला 26 टक्के भार पुढे येतो. त्यात चालक जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसलेला. रिकामी ओम्नी पावसात आंबा घाट उतरताना मागून हलकी पडते ती यामुळेच: मागची चाकं आधी अडकतात आणि गाडीचं बूड बाहेर सरकतं. मागे पेट्या असल्या की चाकं रस्त्याला धरतात. मात्र त्याच पेट्या टपावर चढवल्या तर गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलते. चढणीला चित्र उलटं. भार आपोआप मागे येतो, ओढणारी चाकंही मागचीच, त्यामुळे पुढची चाकं ओढणारी गाडी जिथे घसरून माती उडवते तिथे ओम्नी कुरकुरत का होईना, वर जाते. कोकणात ती इतकी टिकली त्यात स्वस्ताईइतकाच या गुणाचा वाटा मानायला हरकत नाही.

स्पोर्ट्स गाडीलाही बूड बाहेर सरकण्याचा धोका चुकत नाही, फक्त तो जास्त वेगाला येतो. वळणाच्या मध्यात एकदम ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढे जातो, मागचे टायर सैल पडतात आणि जी गाडी चटकन वळते, तीच चटकन गरगरते. म्हणून अशा गाड्यांचे मागचे टायर बहुधा जास्त रुंद असतात.

ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. 2010 साली आलेली ईको तीच मांडणी पुढे चालवते आहे. ती घेऊन घाट उतरणाऱ्यांनी वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच उतरवावा आणि जड सामान टपावर नको, खाली ठेवावं.